फुरसुंगीचा पोरगा सिरोंच्यात

६ जुलै, वडसा
भा. रा. भागवतांनी आपल्या फुरसुंगीच्या फास्टर फेणेला काश्मीरला धाडलं, प्रतापगडावर चढवलं. वैनगंगेच्या या अंगाला आलेला तो माझ्या तरी वाचनात नाही. भामरागडच्या भाच्याने विचारलं होतं, "मावशी, फेणे आपल्याइकडे कई येते?" म्हणून मीच आणला. नव्या गोष्टीत तो सिरोंच्याजवळ, वडधमच्या जीवाश्म उद्यानात आहे. दगड झालेल्या झाडाचा तुकडा रातोरात गायब, चोर प्राणहिता ओलांडून तेलंगणात सटकायच्या बेतात. ट्टॉक!

८ जुलै
गोष्टी ठेवायला स्वतःची वेबसाइटच करते आहे. गोष्टींच्या ॲपवर वाचायचं तर आधी खातं काढा, मग जाहिराती बघा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, आणि नेटवर्क एका दांडीचं. तिथे पान उघडलं पाहिजे, बाकी थाटमाट गेला खड्ड्यात.

हिशोब मांडला. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, रोमन अक्षराला एक. पाच हजार शब्दांची गोष्ट नव्वदेक केबी होते. सर्व्हरने आवळून पाठवली तर बरीच कमी. वर देखणा फॉन्ट लादायचा तर तोच कधीकधी गोष्टीपेक्षा जड. म्हणून साधं एचटीएमएल, चित्र एकही नाही, फॉन्ट वाचणाऱ्याच्या फोनमधलाच. पानाची भाषा 'एमआर' अशी लिहून ठेवली, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही. एवढी चैन मला हवीच.

११ जुलै
हक्कांचं काय? भागवत २००१ साली गेले. आपल्या कायद्याने लेखकामागे साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६१ संपेपर्यंत. मी पैसे घेत नाही, पण तेवढ्याने सगळं माफ होत नाही. कर्णाला नायक करताना शिवाजी सावंतांना व्यासांची परवानगी काढावी लागली नाही, 'मृत्युंजय' १९६७चं. फेणेचं तसं नाही.

दुसऱ्यांच्या पात्रांवर अशाच गोष्टी लिहिणाऱ्या अमेरिकेतल्या चाहत्यांनी २००७मध्ये संस्थाच काढली. त्यांच्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या साइटला २०१९मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे कायदा जाणणारी माणसंही आहेत. इथे मी एकटी. प्रत्येक पानाच्या डोक्यावर लिहिलं: पात्र भागवतांचं, हे कथानक माझं, मूळ पुस्तकं विकत घेऊन वाचा, हक्कदारांनी सांगितलं तर उतरवीन.

१४ जुलै
शेजारचे काका झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतात. मोसम दिवाळीनंतरचा, त्यामुळे सध्या रिकामे. गोष्ट वाचायला दिली. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "चोर इतक्या लवकर धरला त लोक बारालेच घरी जातील ना! अन् गाणं कुठी हाय?" रात्रभर मांडवात माणसं बसवून ठेवणाऱ्याचं हे मत, पुण्यातल्या कुठल्या समीक्षकाने दिलं नसतं. गाणं नाही घातलं. चोराला मात्र नावेतून निसटू दिलं, त्यामुळे दुसरं पान करावं लागलं. खाली 'पुढे वाचा'चा दुवा आला आणि साइटला एकदम मालिकेचा रुबाब चढला.

१७ जुलै
साइट चालू. पाऊस संततधार.

२१ जुलै
भामरागडचा रस्ता बंदच. पण पान उघडलं, दोन्ही भाग वाचून झाले आणि भाच्याचा फोन आला. कौतुक अर्ध्या वाक्यात आटोपलं. मग तक्रारी. आलापल्ली ते सिरोंचा सायकलने, तेही पावसात? फेणेने केलं असेल, पण कपड्यांवर चिखल का नाही? पुढची गोष्ट भामरागडला, तीन नद्यांच्या संगमावर झालीच पाहिजे.

"पण त्याले माडिया येते का?"

मला येत नाही, मग फेणेला कुठून येणार! भाचा वर्गातल्या पोरांशी सर्रास माडिया बोलतो. संवाद तो सांगणार, मी देवनागरीत उतरवणार, आणि त्याचे दोस्त वाचून तपासणार, असं ठरलं. वर त्याने अट घातली: लेखक म्हणून त्याचंही नाव हवं. वय बारा. त्याच्या आईला विचारल्याशिवाय टाकणार नाही. फोन लागला की विचारते.