पुरणाच्या वाटेनं क्योटो

जपानची तिकिटं काढून झाली की मराठी घरातला पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तिथे खायचं काय? मग ठेपले, मेतकूट, चटण्या, गरम पाणी ओतून होणाऱ्या उपम्याची पाकिटं यातच निम्मी बॅग भरते. घरात शाकाहारी मंडळी असतील तर धास्ती आणखी मोठी. ती अगदीच खोटी नाही, पण ती जेवणापुरती आहे. जपानी मिठाईचं दुकान आपल्यासाठी जवळजवळ पूर्ण उघडं असतं. म्हणून क्योटोला जाणार असाल तर सुरुवात गोडापासून करा.

पारंपरिक जपानी मिठाईला ‘वागाशी’ म्हणतात. ती बहुतेक वेळा दूध, तूप आणि अंड्याशिवायच बनते. तांदूळ, साखर, सोयाबीनचं भाजून दळलेलं पीठ आणि अझुकी नावाचं लाल कडधान्य, एवढ्यावर तिचा संसार चालतो. अझुकी म्हणजे आपल्या मूग, उडीद, चवळीचंच भावंड. ते शिजवून साखरेत आटवलं की ‘अनको’ होतं. खाऊन पाहा, पुरणाचीच आठवण येईल. फक्त वेलची-जायफळ नाही, आणि तूप तर नाहीच. त्यातही दाणे अर्धवट राखलेलं ‘त्सुबुआन’ आणि गाळून गुळगुळीत केलेलं ‘कोशिआन’ असे दोन पंथ आहेत. पुरणयंत्र वापरणारे आणि पाट्यावर वाटणारे जसे आपापल्या पुरणाचा अभिमान बाळगतात, तसंच तिथेही आहे.

सकाळी देमाचीयानागी स्टेशनला उतरा. नदी ओलांडून पलीकडे गेलात की ‘देमाची फुताबा’ हे १८९९ सालापासूनचं दुकान लागतं. रांग दिसेल, तेच दुकान. इथला ‘मामे मोची’ घ्या. वाफवून कुटलेल्या चिकट तांदळाच्या मऊ पारीत खारवलेले लालसर वाटाणे आणि आत कोशिआन. गोडात मधेच येणारं ते मीठ पहिल्या घासाला चमकवतं आणि दुसऱ्या घासाला आवडू लागतं. हा पदार्थ त्याच दिवशी संपवायचा. उद्यासाठी ठेवलात तर पारी कडक होते. निघण्याआधी दुकानाची साप्ताहिक सुट्टी तेवढी पाहून घ्या.

दोन सूचना इथेच देते. मोची चिवट असतो. दरवर्षी नववर्षाच्या दिवसांत तो घशात अडकून जपानमध्ये वृद्ध माणसं दगावतात आणि तिथल्या यंत्रणा दर वर्षी सावध करतात. सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर अगदी छोटे तुकडे करा, सावकाश चावायला सांगा, शेजारी चहा किंवा पाणी ठेवा. अगदी लहानग्यांना तो देऊच नका. दुसरी सूचना घारींची. दुकानापासून जवळच कामो आणि ताकानो या दोन नद्यांचा संगम आहे. कासवाच्या आकाराच्या दगडांवरून मुलं नदी ओलांडतात, काठावर लोक डबे उघडून बसतात, आणि वर घारी घिरट्या घालत असतात. त्या मागून येऊन हातातला घास उचलतात. झाडाखाली बसा.

संगमापासून उत्तरेला थोडं चाललात की शिमोगामो देवस्थान येतं. तिथल्या मितराशी तळ्याच्या बुडबुड्यांवरून ‘मितराशी दांगो’ सुचला, असं सांगतात. तांदळाच्या पिठाचे छोटे गोळे काडीला ओवून भाजतात आणि त्यावर सोया सॉस व साखरेचा चकचकीत पाक ओततात. काडीवर पाच गोळे असतात, पण पहिला इतर चारांपासून जरा अंतर राखून असतो. आधी एकच बुडबुडा आला, मग चार आले म्हणे.

वेळ असेल तर शहराच्या वायव्येला इमामिया देवस्थानापर्यंत बसने जा. दारात रस्त्याच्या दोन बाजूंना दोन दुकानं समोरासमोर उभी आहेत आणि दोघांकडे एकच पदार्थ मिळतो, ‘आबुरी मोची’. त्यातलं ‘इचिवा’ आपली सुरुवात इसवी सन १००० ची सांगतं. समोरचं ‘काझारिया’ त्या मानाने तरुण, चारेकशे वर्षांचं! बोटाच्या पेराएवढे मोचीचे तुकडे सोयाबीनच्या पिठात घोळवून, बांबूच्या काडीला लावून निखाऱ्यावर भाजतात आणि वर पांढऱ्या मिसोचा गोडसर सॉस घालतात. कोणतं दुकान चांगलं, यावर क्योटोकरांचं एकमत नाही. तुम्ही दोन्हीकडे बसा. पानं छोटीच असतात.

वागाशी ऋतूप्रमाणे बदलते, त्यामुळे कोणत्या महिन्यात जाता यावर काय मिळेल हे ठरतं. वसंतात साकुरामोची, तोही खारवलेल्या चेरीच्या पानात गुंडाळलेला. ते पान बरोबर खाल्लं तरी चालतं. मेच्या सुरुवातीला मुलांच्या सणाचा काशिवामोची. त्याचं पान मात्र पातोळ्यांच्या हळदीच्या पानासारखं, वासापुरतं. काढून ठेवायचं. ३० जूनला क्योटोत ‘मिनाझुकी’ खातात. बर्फाच्या तुकड्यासारखी पांढरी त्रिकोणी वडी आणि वर अझुकीचे दाणे. पूर्वी उन्हाळ्यात बर्फ फक्त दरबाराला मिळायचा, म्हणून सामान्यांनी त्याच्या आकाराची मिठाई करून घेतली.

आता जेवणाकडे वळू, कारण पोट काही मोचीवर भरत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ म्हणजे सार, आणि ते बहुतेक ठिकाणी सुकवलेल्या बोनिटो माशाचं असतं. मिसो सूप, उदोन, मुळ्याची भाजी, वांग्याची भाजी, सगळ्यात ते असू शकतं. मांस दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी असं इथे धरता येत नाही. नुसतं ‘व्हेज’ म्हणून काम भागत नाही. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’, म्हणजे मांस आणि मासे खात नाही, हे वाक्य पाठ करा आणि पाठोपाठ दाशीबद्दल विचारा. चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानांतले भाताचे त्रिकोणी ओनिगिरी प्रवासात सोयीचे असतात, पण आंबट उमे किंवा समुद्री शेवाळाच्या सारणातही माशाचा अर्क असू शकतो. मोबाइलवर लेबल भाषांतरित करून पाहा.

खरंखुरं शाकाहारी जेवण हवं असेल तर ते मठात मिळतं. आराशियामातल्या तेनर्यूजी मठाच्या ‘शिगेत्सु’मध्ये बौद्ध भिक्षूंचं ‘शोजिन र्योरी’ जेवता येतं. मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. सार शेवाळाचं आणि अळंब्यांचं. लाल ताटात छोट्या वाट्या मांडून येतात, आणि आपल्या नैवेद्याच्या पानाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आगाऊ नोंदणी करून गेलेलं बरं.

एक संध्याकाळ शिजो भागासाठी राखून ठेवा. ‘क्योटोचं स्वयंपाकघर’ म्हणवणाऱ्या निशिकी बाजारात शंभराहून जास्त दुकानं आहेत. लोणची चाखा, तोफू पाहा, पण विकत घेतलेलं चालता चालता खाऊ नका. तिथे ते असभ्य समजतात. दुकानापाशी उभं राहून खा आणि कचरा तिथेच परत द्या. मग ताकाशिमाया किंवा दाइमारूच्या तळघरात उतरा. तिथे मिठायांचे काउंटर दागिन्यांच्या दुकानासारखे मांडलेले असतात. दुकान बंद व्हायच्या सुमाराला तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीचे स्टिकर लागतात. त्या वेळी तिथल्या गृहिणींची लगबग पाहिलीत की संध्याकाळची दादरची मंडई आठवेल. घरी न्यायला ‘योकान’ उत्तम. चायना ग्रासमध्ये आटवलेली ही अझुकीची वडी बंद पाकिटात खूप दिवस टिकते. दोरायाकी आणि कास्तेरात मात्र अंडं असतं, हे लक्षात ठेवा.

आणि गिओनमधलं ‘कामेया कियोनागा’ चुकवू नका. १६१७ पासूनच्या या दुकानात ‘सेइजो कांगिदान’ मिळतो. वर चुण्या एकत्र बांधलेली ही तळलेली पुरचुंडी हातात घेतलीत की तुम्ही म्हणाल, हा तर तळणीचा मोदक! नातं खरंच आहे. जपानमध्ये गणपती ‘कांगितेन’ नावाने पोचला, बौद्ध धर्मासोबत चीनमार्गे, आणि हा त्याचा नैवेद्य. वरच्या आठ गाठी म्हणजे कमळाच्या आठ पाकळ्या. आतलं सारण पूर्वी सुक्या फळांचं होतं, आता अनकोचं आहे, पण त्यात सात सुगंधी द्रव्यं घालतात. तिळाच्या तेलात तळलेली पारी चांगलीच कडक असते आणि पहिल्याच घासाला तोंडात देवघर दरवळतं. मुलं कदाचित तोंड वाकडं करतील. माझं मत विचाराल तर चवीला आपला मोदक सरस, पण इतक्या दूर, इतक्या वळणांनी गेलेला हा नैवेद्य एकदा तरी खायलाच हवा.

परत आल्यावर दांगो घरी करून बघा, मोदकाच्या पिठाचाच होतो. एक वाटी तांदळाच्या पिठात साधारण पाऊण वाटी उकळतं पाणी घालून मळा. त्याचे चपटे तुकडे चाळणीत १५ मिनिटं वाफवा आणि गरम असतानाच पुन्हा भरपूर मळा. या दुसऱ्या मळण्यात कंटाळा केलात तर गोळे तडकतात. सुपारीएवढे गोळे काडीला ओवून तव्यावर डाग पडेपर्यंत परता. पाकासाठी दोन चमचे सोया सॉस, चार चमचे साखर, अर्धी वाटी पाणी आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर गार असतानाच एकत्र करा, मग ढवळत उकळा. चकाकी आली की लगेच गोळ्यांवर ओता.