दहा ओळींची गोष्ट

मंडळी, शाळेतले निबंध आठवतात का? 'माझी आई', 'पावसाळ्यातील एक दिवस', 'मी पंतप्रधान झालो तर'... आमच्या बाभुळगावची पोरं ते गाईडातून पाठ करायची. गाईडातला बाप रोज ऑफिसातून येताना खाऊ आणायचा. लिहिणाऱ्याचा खरा बाप त्या वेळी पऱ्हाटीत डवरणी करत असायचा.

एका मुलाचे वडील पोळ्याच्या आधी गेले. (यवतमाळ जिल्ह्यात कसे गेले, हे वेगळं सांगायला नको.) सहामाहीला 'माझे वडील' हाच निबंध आला. पोराने गाईडाबरहुकूम लिहिलं, 'ते मला रोज संध्याकाळी फिरायला नेतात.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती!

तो पेपर बघितल्यावर मी आठवीच्या वर्गात दहा ओळींची गोष्ट सुरू केली. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास. स्वतःच्या घरातला एकच प्रसंग लिहायचा, दहा ओळींच्या वर जायचं नाही. घरी बोलतो तशीच भाषा चालेल. आणि शेवटी 'म्हणून आपण नेहमी खरे बोलावे' असलं शेपूट लावायचं नाही. लाल पेन मी त्या तासाला खिशातून काढतच नसे.

पहिल्या शनिवारी वह्या कोऱ्या. एक जण म्हणाला, "सर, आमच्याइथं लिवासारखं काय घडते?"

मग वाटलं, आधी आपणच लिहावं. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात असताना मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे. दिवसभर शाळा सांभाळून स्वतःच्या हाताने लिहायचे! आपल्याला आठवड्याला दहा ओळी जमू नयेत? मी लिहिलं, स्टाफरूममध्येही विषय काढला. शिक्षकांना लिहितं करणं पोरांपेक्षा अवघड असतं हो. कुणाला जनगणनेचं काम, कुणाला वेळ नाही. शेवटी गणिताच्या सरांनी आठच ओळी लिहिल्या. मोठ्या भावाने सातवीत शाळा सोडली, शेती धरली, म्हणून हे शिकले. 'आता तो बाजारात भेटला की चारचौघांत मला सर म्हणतो. मला ते आवडत नाही. पण सांगता येत नाही.' सरांनी ते वर्गात वाचलं. पुढच्या शनिवारी निम्म्याहून जास्त वह्या भरलेल्या होत्या.

यात माझं डोकं फार नाही. मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग समाजातली मुलगी, पुण्यात फुल्यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेली. गाईड नव्हतं तिच्याजवळ. आपल्या माणसांचे, बाळंतपणात उघड्यावर पडणाऱ्या बायांचे हाल तिने जसे पाहिले तसे लिहिले. आणि जानेवारी २०१९ मध्ये आमच्या यवतमाळला ९२वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. शेतकऱ्याची विधवा. आपल्या बोलीत त्या मंचावरून बोलल्या. मला मात्र तो सहामाहीचा पेपर आठवत राहिला.

असो. त्या मुलाने 'बाबा' या विषयावर पुढे कधीच लिहिलं नाही. बैलावर लिहिलं, दोनदा. मी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मला जवळजवळ पाठ आहे. बेंबळा धरणात ज्यांची गावं उठली, त्यांतल्या एका घरातली मुलगी. तिने लिहिलं होतं की जुनं घर मोडलं तेव्हा बाबांनी दाराची सागवानी चौकट बैलगाडीत घालून आणली. नव्या घराचं दार लहान निघालं, चौकट बसली नाही. ती गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवली आहे. आजी रोज सकाळी गोठ्यात जाते आणि तिच्या उंबऱ्याला हळदकुंकू लावते.

सातच ओळी होत्या. मी म्हटलं, अजून तीन आहेत तुझ्याकडे. ती म्हणाली, "नाही सर, झालं." आणि वही मागून घेतली. आजीला वाचून दाखवायची होती.