देहाची खातेवही

बँकेच्या नोकरीत छत्तीस वर्षे मी जमाखर्चाचा ताळमेळ घातला. तरीही घरातील एक दुबार नोंद माझ्या नजरेतून निसटली.

गेल्या पावसाळ्यात कल्याणच्या वहिनी आमच्या माजिवड्याच्या घरी मुक्कामास होत्या. एके पहाटे उठताना त्यांना भोवळ आली. डॉक्टरांनी विचारले, "कोणती औषधे चालू आहेत?" वहिनींनी प्लास्टिकची पिशवी पुढे केली. तीत दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. डॉक्टरांनी पट्ट्यांवरील बारीक अक्षरे वाचली आणि उलगडा झाला. नावे दोन, औषध एकच: अ‍ॅम्लोडिपिन. रक्तदाब उतरवणारी गोळी महिनाभर दुप्पट पोटात जात होती. एका डॉक्टरांना दुसऱ्यांची चिठ्ठी ठाऊकच नव्हती.

वहिनींनी चाळीस वर्षे दुकानाची उधारीची वही सांभाळली. त्या खिन्नपणे म्हणाल्या, "भाऊजी, एकच रक्कम दोनदा नावे पडली असती, तर मला झोप लागली नसती."

पूर्वी घरचे डॉक्टर तीन पिढ्यांची प्रकृती ओळखून असत. ठाणे शहराची लोकसंख्या २००१ मध्ये १२.६२ लाख होती, ती २०११ मध्ये १८.४१ लाख झाली. अशा वाढत्या शहरांत माणसे घरे बदलतात, डॉक्टर बदलतात आणि प्रत्येक ठिकाणी प्रकृतीचे पान नव्याने उघडते.

बँकेतही एके काळी खाते आपल्याच शाखेत दिसे. कोअर बँकिंग आल्यावर ते कोणत्याही शाखेत दिसू लागले. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा हेतू याच जातीचा आहे. १४ अंकी 'आभा' क्रमांकाशी आपल्या चिठ्ठ्या व तपासण्यांचे अहवाल जोडता येतात.

"माझे दुखणे साऱ्या गावाला कळणार का?" वहिनींची शंका रास्त होती. मी म्हणालो, "सहीवाचून धनादेश वटत नाही, तशी तुमच्या संमतीवाचून नोंद कोणाला दाखवायची नाही, असा नियम आहे. दिलेली संमती मागेही घेता येते."

मात्र यंत्र आपण होऊन वही लिहीत नाही. अनेक लहान दवाखान्यांत अजून कागदच चालतो. म्हणून एका रविवारी आम्ही दोघांनी पिशवी रिकामी केली, चिठ्ठ्या तारीखवार लावून मोबाइलमध्ये चढवल्या. औषधांच्या मूळ नावांची एक यादी वहिनींनी उधारीच्या वहीतल्याच वळणदार अक्षरात लिहून पर्समध्ये ठेवली.

दिवाळीत आपण नव्या वह्यांचे पूजन करतो. यंदा त्याआधी घरातील वडीलधाऱ्यांची औषधांची पिशवी एकदा उघडून पाहावी, एवढीच विनंती.