शहाबादी फरशीवरचा पाहुणा

गुलमंडीवर सुपारी हनुमान मंदिरालगतच्या एका गल्लीत तीन पिढ्यांपासून कापडाचा व्यापार करणारे एक जैन कुटुंब राहते. खाली दुकान, वर राहणे. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात, पाणी गाळल्याशिवाय हंड्यात पडत नाही आणि दिव्याभोवती किडे जमू लागले की आजी दिवाच मालवतात. अशा या घरात चातुर्मासाच्या तोंडावर पुण्यात शिकणारा नातू एक काचेची पेटी घेऊन आला. पेटीच्या तळाशी तांबडी वाळू होती आणि वाळूवर पिवळ्या अंगाची, काळ्या ठिपक्यांची एक पाल डोळे मिटून पडली होती. वसतिगृहातला मित्र शिक्षणासाठी परदेशी निघाला, तिला कोणाकडे सोपवावे हे त्याला सुचेना, म्हणून ती याच्याकडे आली होती.

"अरे, ही विषारी तर नाही ना?" आजींचा पहिला प्रश्न.

"नाही गं आजी. आणि भिंतीवरही चढत नाही."

ते खरे होते. लेपर्ड गेको या नावाने ओळखली जाणारी ही पाल अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. घरातल्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. हिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात. शेपटीत चरबी साठवून ती उपासाचे दिवस काढते. हिचे नातलग आपल्या महाराष्ट्रातही आहेत. सातपुड्यातल्या एका जातीची शास्त्रीय नोंद तर २०१४ मध्ये झाली. नीट सांभाळली, तर ही पाल १५ ते २० वर्षे जगते. हा आकडा ऐकून दुकानातून वर आलेले वडील क्षणभर गप्प झाले. व्यापाऱ्याला मुदतीचा अर्थ चटकन कळतो.

चौथ्या दिवशी तिचे पोट फुगलेले दिसले. पशुवैद्यांनी एक्स-रे काढला आणि दोष वाळूचा असल्याचे सांगितले. भक्ष्यावर झेप घेताना तोंडात वाळू जाते. अंगात कॅल्शियम कमी असले, तर हे प्राणी वाळू चाटतातही. ती आतड्यात साचते आणि मार्ग बंद होतो. पिल्लांच्या बाबतीत हा धोका अधिक. रंगीत वाळू किंवा अक्रोडाच्या टरफलांचा भुगा पेटीत शोभून दिसतो, पण ती शोभा पाहणाऱ्यासाठी असते, राहणाऱ्यासाठी नव्हे. देवदारासारख्या सुगंधी लाकडाचा भुसाही नको, त्यातल्या तेलांचा श्वासाला त्रास होतो.

त्याच संध्याकाळी वाळू काढून टाकण्यात आली. जुने घर दुरुस्त केले, तेव्हाच्या उरलेल्या शहाबादी फरश्या गच्चीवर पडून होत्या. त्यातली एक कापून, कडा घासून पेटीत बसवली. फरशी पोटात जात नाही, ओल्या फडक्याने स्वच्छ होते, खालून दिलेली ऊब धरून ठेवते आणि तिच्यावर नखेही घासली जातात. फरशी नसेल, तर साधा टिपकागदही चालतो. एका प्राण्याला तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद जागा हवी, म्हणून दुकानातले जुने काचेचे कपाट आडवे करून त्याला जाळीचे झाकण बसवले. एका टोकाला फरशीचे तापमान ३२ अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला २५. मध्ये तापमान नियंत्रित करणारे यंत्र, कारण त्याविना तापलेली गादी पोट भाजते. लपायला कुंभाराकडच्या तीन मडक्यांचे तुकडे पालथे घातले: एक उबेत, एक गारव्यात, आणि एकाखाली ओला कागद, कात टाकताना अंगाला ओल मिळावी म्हणून. उपचारांनी पोट मोकळे झाले. घराचा प्रश्न सुटला होता.

मग अन्नाचा प्रश्न आला. ही पाल भाजी खात नाही, धान्य खात नाही. तिला हलणारे किडेच लागतात. मित्राने सोबत दिलेली अळ्यांची डबी नातवाने कोणालाही न दाखवता गच्चीवर ठेवली होती. एके सकाळी ती आजींच्या हाती लागली.

त्या रागावल्या नाहीत. जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "अहिंसाव्रताचे पाच अतिचार तुला पाठ आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. हिला कोंडलं तो बंध. हिला खायला घातलं, तर या अळ्यांचा वध. नाही घातलं, तर अन्नपाननिरोध. आता तूच सांग, कोणता निवडायचा?"

नातवाकडे उत्तर नव्हते. रानात सोडावी, तर पेटीत जन्मलेला जीव तिथे तगणार नाही; तगलाच, तर परक्या प्राण्यामुळे इथल्या जातींना रोग लागायचे भय. वडिलांना दिल्लीच्या लाल मंदिरातले पक्ष्यांचे रुग्णालय आठवले. तिथे शाकाहारी पक्षी ठेवून घेतात. मांसाहारी पक्ष्याला दारावरून परत पाठवत नाहीत, उपचार करतात, मात्र आत ठेवत नाहीत. वडील म्हणाले, "उपचार आपण केलेत. आता ठेवायचं नाही."

नातवाच्या ओळखीचे एक अनुभवी पालक तिला घ्यायला तयार झाले. तेव्हा आजींनी सगळ्यांना थांबवले. "दुसऱ्याच्या हाती दिलं म्हणजे आपले हात धुतले गेले, असं समजू नका. कृत नसेल, पण कारित आणि अनुमोदित आहेच. कमी दोषाचा मार्ग आहे, निर्दोष नाही. एवढं मनात ठेवून द्या."

कपाट, फरशी आणि मडक्यांचे तुकडे पालीबरोबरच गेले. वाळू विकणाऱ्याला पैसे मिळाले होते, मित्राला हौस पुरी झाल्याचे समाधान. हिशेब चुकवला तो या घराने. म्हणून आता घरातले कोणतेही मूल पोपट, कासव किंवा मासा मागू लागले, की वडील तीन गोष्टी कागदावर लिहून आणायला सांगतात: तो खाणार काय, राहणार कशावर, आणि जगणार किती वर्षे. आजवर एकही कागद परत आलेला नाही.

पर्युषणात नातवाचा फोन आला, "आजी, तिने अख्खी कात टाकली. एकाही बोटाला अडकली नाही."

"बरं झालं," आजी म्हणाल्या. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात सर्व जीवांची क्षमा मागताना त्यांनी त्या पालीलाही आठवले, आणि डबीतल्या अळ्यांनाही.