डाग देण्याजोगे

लॅपटॉपचा चार्जर बहुधा ठरलेल्या दोन जागी मरतो. काळ्या ठोकळ्यातून वायर बाहेर पडते तिथे, नाहीतर ती पिनेत शिरते तिथे. आमचा पिनेपाशी गेला. वायर एका विशिष्ट कोनात धरली की दिवा लागे, बोट सोडले की विझे. कंपनीच्या सेवाकेंद्राला दूरध्वनी केला तेव्हा उत्तर मिळाले की चार्जर दुरुस्त होत नाही, नवा घ्यावा लागतो. दुरुस्ती महाग पडते किंवा वेळ लागतो, असे कोणी म्हणाले असते तर आम्ही समजू शकलो असतो. ‘होत नाही’ हे मात्र आम्हाला पटेना.

ज्याला चार्जरची वायर म्हणतात ती दिसायला एक, पण आत दोन असते: मध्ये धन तार आणि तिच्याभोवती जाळीसारखी विणलेली ऋण तार. वारंवार वाकून ही जाळी एकेक धाग्याने तुटते. आम्ही प्लग भिंतीतून काढून ठेवला आणि दुखरा भाग दोन्ही बाजूंनी चारचार बोटे कापून टाकला. जाळी उलगडून तिचा पीळ केला, मधल्या तारेचे आवरण सोलले. उष्णतेने आक्रसणारी नळी आधीच वायरीत ओवून घ्यावी लागते, मग राळ लावून कथलाचा डाग द्यायचा. नवी पिन बाजारात सुटी मिळते. जाडी आणि ध्रुव तेवढे जुळले पाहिजेत. (काही कंपन्यांच्या पिनेत ओळख पटवणारी तिसरी तार असते, तिथे हे काम किचकट होते.) मल्टीमीटरने १९ व्होल्ट दाखवले. सारा खर्च शंभर रुपयांच्या आत.

आम्ही राहतो त्या वर्ध्यात मगनवाडीला मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले. तेथील चरखे पाहताना आम्हाला नेहमी १९२९ सालची स्पर्धा आठवते. अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. आठ तासांत सोळा हजार फूट सूत, किंमत दीडशे रुपयांच्या आत, या अटी सर्वांना ठाऊक असतात. आम्हाला मोलाची वाटते ती वेगळीच. वेळेवर देखभाल केली तर यंत्र किमान वीस वर्षे चालले पाहिजे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होता कामा नये! यंत्र किती काम करते याच्याच जोडीला ते नंतर कसे टिकवता येईल हे त्या कागदावर अंकांत लिहिलेले होते. बक्षीस कोणालाही मिळाले नाही, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडे केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली ती जुलै २०२२ मध्ये.

अर्थात, चरख्याचा न्याय चार्जरला जसाच्या तसा लावता येत नाही. ठोकळा मुद्दाम स्क्रूविना, कडा वितळवून बंद केलेला असतो. आतला मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. तो आम्ही उघडला नाही, वाचकांनीही उघडू नये. पण या कारणाआड वायरीलाही बंद करून टाकण्याचे समर्थन होत नाही. आधी तुटणारी वस्तू सुटी काढता आली पाहिजे, एवढेच मागणे आहे. टाइप-सी चार्जरांत ती पुष्कळदा निघते, आणि युरोपीय संघाने लॅपटॉपसाठी हीच खाच सक्तीची करताना २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली.

आता प्रश्न आहे तो ठोकळ्याचा. आतले कपॅसिटर उष्णतेने वाळतात; तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा ढोबळ हिशेब आहे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. म्हणून गादीवरून, उशीखालून आम्ही त्याची उचलबांगडी केली आहे. हल्ली तो शहाबादी फरशीवर, कूलरच्या वाऱ्यात असतो.