मालविकेच्या माहेरी

वऱ्हाड पाहावयाचे तर कार्तिकात पाहावे. पाऊस सरलेला असतो, थंडी अद्याप बोचू लागलेली नसते, आणि काळ्या रानात कापसाची बोंडे फुटून दृष्टी पोचेल तेथवर शुभ्र पसारा मांडलेला असतो. गेल्या कार्तिकात आम्ही अकोल्याहून हिवरखेडास गेलो, तेव्हा हा योग आम्हांस साधला.

अकोला सोडले की गांधीग्रामपाशी पूर्णा ओलांडावी लागते. हा मुलूख खारपाण पट्ट्याचा. भूमी काळी नि कसदार, परंतु विहिरीचे पाणी खारट. पुढे अकोट लागते आणि तेथून उजव्या हातास सातपुड्याची निळसर रांग सोबत करू लागते. त्या रांगेच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यात, हिवरखेड वसले आहे. हिवर हा बाभळीच्या जातीचा काटेरी वृक्ष. त्याचे नाव गावाने धारण केले आहे. अकोला-खांडवा या मीटरगेज मार्गावर गावास स्टेशन होते. रुळांच्या रुंदीकरणासाठी २०१७ च्या आरंभी तो मार्ग बंद झाला. अकोल्याहून अकोटापर्यंत नवी गाडी २०२२ मध्ये सुरू झाली खरी. पण पुढचा मार्ग मेळघाटच्या व्याघ्र-अरण्यातून न्यावा की त्यास वळसा घालून न्यावा, या वादात वर्षे गेली. आम्ही गेलो ते एस.टी.नेच. गाव सोडून शिकावयास जाणाऱ्या मुलांनाही तीच वाट धरावी लागते.

आमचे यजमान हे आमच्या हाताखाली संस्कृत शिकलेले एक गृहस्थ. कापूस नि तूर पिकवितात. तिघे भाऊ, परंतु चूल एक. घरात लहानथोर वीसएक माणसे. रात्री जेवणे आटोपून सारी मंडळी ओसरीवर बसली असता ध्यानात आले, की घरात एका प्रश्नावरून दोन तट पडले आहेत. मधल्या भावाची कन्या बारावीत आहे, आणि कॉलेजात जाऊन नाट्यशास्त्र शिकावयाचे असा तिने निश्चय केला आहे. काकांच्या मते मुलगी हुशार आहे, तिने इंजिनियर व्हावे. घरातील वडीलधाऱ्या आजीबाईंनी तर आम्हांसच पंच नेमले.

"गुर्जी, पोरीले नाटक शिकवून का कराचं हाय? उद्या पोट तं भरलं पायजे न तिचं."

मुलगी खाली मान घालून, पण स्पष्ट बोलली, "आजी, नाटक करनं अन् नाटक शिकनं येगयं असते."

हा भेद त्या वयात तिच्या ध्यानी आला, याचे आम्हांस कौतुक वाटले. आम्ही मंडळींस म्हटले, "नाट्य शिकावयास घर सोडून गेलेली विदर्भाची ही काही पहिलीच मुलगी नव्हे." आणि कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'ची कथा सांगितली.

मालविका ही विदर्भाची राजकन्या. भाऊबंदकीत तिचा भाऊ माधवसेन बंदीत पडतो. वाटेत लुटारू काफिल्यावर तुटून पडतात. आणि ती अनाथ होऊन विदिशेच्या राणीच्या पदरी परिचारिका म्हणून राहते. तेथे गणदास नावाचा नाट्याचार्य तिला शिकवू लागतो. हा आचार्य राजाचा वेतनभोगी आहे. त्याची हरदत्त नामक दुसऱ्या आचार्याशी स्पर्धा लागते. श्रेष्ठ कोण हे ठरवावयाचे तर आचार्यांनी स्वतः नाचून दाखवावयाचे नाही. शिष्याने काय उचलले ते दाखवावयाचे. उत्तम प्रयोग करणे हा एक गुण आणि दुसऱ्यास तो शिकविता येणे हा दुसरा. दोन्ही ज्याच्या ठायी तो खरा शिक्षक, असे तेथील परिव्राजिका सांगते. या परीक्षेमागे राजाचा हेतू काय होता तो संस्कृताभ्यासी वाचकांस ठाऊक आहे. तो सोडून दिला तरी शिक्षक, शिष्य, परीक्षक आणि वेतन ही कॉलेजाची सर्व सामग्री त्या दोन अंकांत आहे. शेवटी विदर्भाची वाटणी होते ती वरदेच्या, म्हणजे आपल्या वर्धेच्या, दोन्ही तीरांवर.

कोणी म्हणेल, हे राजवाड्यातले झाले. मराठी रंगभूमीवर नट आधी कोठे शिकत? विष्णुदास भावे यांनी सांगलीस १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केले तेव्हापासून मंडळी हीच शाळा होती. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत गेले, ते तेथेच घडले. परंतु या शाळेचे दार मुलींस बंद होते. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. 'आंधळ्यांची शाळा' १९३३ मध्ये रंगभूमीवर आली व तीत घरंदाज स्त्रियांनी भूमिका केल्या, ही त्या काळी मोठी घटना ठरली. वऱ्हाडास नाटकाचे वेड जुने. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर येथून पश्चिमेस जळगाव-जामोदला वकिली करीत व नाटके लिहीत. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे 'रणदुंदुभि' १९२७ मध्ये गाजले. दंडार नि खडीगंमत तर विदर्भाच्या गावोगावी होतीच.

पुढे नाट्यशिक्षणास विद्यापीठाचे छत्र लाभले. दिल्लीस राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये निघाले. १९६२ पासून १९७७ पर्यंत त्याचे संचालक असलेले इब्राहिम अल्काझी हे लंडनच्या १९०४ मध्ये स्थापन झालेल्या नाट्यशाळेत शिकून आलेले. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठात २००३ मध्ये ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स सुरू झाली. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही नाट्यशास्त्र विभाग आहे. मुंबईच्या संस्थेचे पहिले संचालक वामन केंद्रे हे बीड जिल्ह्यातील दरडवाडीसारख्या लहान गावचे. ते दिल्लीच्या विद्यालयात शिकले, आणि २०१३ पासून २०१८ पर्यंत त्याच विद्यालयाचे संचालक होते. यास्तव हिवरखेडच्या मुलीस ही वाट अगम्य आहे असे आम्ही मानीत नाही.

तेथे शिकवितात तरी काय, असे काकांनी विचारले. आम्ही भरतमुनींचा आधार घेतला. मुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीर वळविण्याचे शिक्षण हे आंगिक. श्वास, उच्चार नि आवाजाची फेक हे वाचिक. वेष नि रंगभूषा हे आहार्य. त्याच्याच जोडीस आज नेपथ्य नि प्रकाशयोजना ही शास्त्रे आली आहेत. सात्त्विक म्हणजे अंतःकरणाची एकाग्रता. तीही अभ्यासानेच येते. यांशिवाय देशोदेशींचे नाट्यवाङ्मय, रंगभूमीचा इतिहास आणि दिग्दर्शन आहेच. हा रिकामपणाचा उद्योग नव्हे. दिल्लीच्या विद्यालयात तर पदवी आणि रंगभूमीचा अनुभव असल्याशिवाय प्रवेश नाही. पुढे तीन वर्षांचा अभ्यास.

तथापि पदवीच्या मागून वेतन चालत येत नाही, हेही आम्ही लपविले नाही. नट म्हणून नाव थोड्यांचेच होते. कोणी शाळांतून नाट्य शिकवितात, कोणी पडद्यामागचे काम करतात, कोणी मालिकांत जातात. वर्षानुवर्षे तुटपुंज्या मिळकतीवर काढण्याची तयारी मुलीची हवी, तशी घराचीही हवी.

मुलीस आम्ही एकच गोष्ट बजावली. शहरात गेल्यावर लोक तुझ्या वऱ्हाडी बोलीस हसतील. प्रमाण मराठी उत्तम शीक, पण ही बोली टाकू नको. हिवरखेड ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येते त्यास संत गाडगेबाबांचे नाव आहे. शेंडगावच्या या पुरुषास शाळा लाभली नव्हती. परंतु कीर्तनात लोकांस प्रश्न विचारून, त्यांच्याच तोंडून उत्तरे वदवून, ते हजारोंचा समुदाय खिळवून ठेवीत, आणि तेही वऱ्हाडीतच. वाचिक अभिनयाचा याहून मोठा धडा आम्हांस ठाऊक नाही.

आजीबाई बराच वेळ स्तब्ध होत्या. मग म्हणाल्या, "मंग गुर्जी, त्या मालविकेचं पुढं काय झालं?"

राणी झाली, असे सांगून वेळ मारून नेता आली असती. पण ती राणी झाली याचे कारण तिचे राजकुल होते. आम्ही म्हणालो, "आजीबाई, ती राणी झाली ते नंतर. त्याआधी तिच्यापाशी राज्य नव्हते, घर नव्हते, स्वतःचे कुळही सांगण्याची सोय नव्हती. तिची बुद्धी पाहून तिला शिकावयास ठेविले आणि अंगच्या विद्येमुळेच परक्या घरी तिचा मान राहिला."

आजीबाईंनी नातीकडे पाहिले. "शिकू द्या तिले," त्या मुलाला म्हणाल्या, "पन बी.ए. पुरी झाल्याबिगर दिल्लीचं नाव काढाचं नाई."

काकांनी मान डोलावली. प्रथम संभाजीनगरची चौकशी करावी, असे ठरले.