मीम : मोबाइलवरचं लोकसाहित्य



लोकसाहित्य शिकवताना आपण मुलांना ओव्या, उखाणे, भुलाबाईची गाणी सांगतो. कर्ता माहीत नसतो, ते तोंडातोंडी पसरतं आणि सांगणारा त्यात आपली भर घालतो. आता मोबाइलवरचं मीम याच तीन कसोट्यांवर तपासून बघा. तंतोतंत बसतं!

युद्धाच्या काळात तर याला ऊत येतो. 1761 साली पानिपतावर विश्वासराव पडले. 'विश्वास पानिपतातच गेला' असं आपण आजही हसत म्हणतो. एवढं मोठं दुःख लोकांनी एका कोटीत बांधलं. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी मीम्सनी हेच केलं. सायरन, मॉक ड्रिल, ब्लॅकआउट, सगळ्यांवर विनोद आले. भीती वाटली की माणूस हसून ती हलकी करतो. त्यात वाईट काही नाही.

पण त्याच मोबाइलवर व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरत होती. पीआयबीच्या फॅक्ट चेकने ती खोटी असल्याचं सांगितलं. 1773 च्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाची 'ध चा मा' गोष्ट आठवा. 'धरावे'चं 'मारावे' झालं म्हणतात. आणि गंमत बघा, ही गोष्टसुद्धा आख्यायिकाच! म्हणजे गोष्ट रंगली की ती खरी का खोटी हे कोणी विचारत नाही.

आपल्या पुलगावात हे विचारावंच लागतं. इथे लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो आहे. 31 मे 2016 च्या आगीत तिथे अधिकारी, जवान आणि आग विझवणारे कर्मचारी गेले. आजूबाजूच्या गावांतली माणसं रात्रीच घर सोडून निघाली होती. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा चौथीतल्या एका मुलाने मला विचारलं, "सर, आपल्या डेपोवर पण बॉम्ब पडणार होता का?" त्याचे बाबा डेपोत कामाला आहेत. एखाद्याने गमतीत पाठवलेला मेसेज या लेकराची झोप उडवू शकतो.

म्हणून वर्गात एक उपक्रम घ्या. फळ्यावर तीन रकाने करा : हसवणारं, माहिती देणारं, घाबरवणारं. मुलांनी ऐकलेलं-पाहिलेलं सांगायचं आणि योग्य रकान्यात लिहायचं. मग प्रत्येकाला तीन प्रश्न : हे कोणी सांगितलं? केव्हाचं आहे? पुढे पाठवलं तर कोणाला त्रास होईल?

पालकांनी घरी फक्त तिसरा प्रश्न विचारला, तरी पुष्कळ झालं.